बसस्टॉपच्या मागून जाणारी वाट

मी एक जुनी सायकल आहे. जुनी म्हटलेलं मला चालतं, भंगार म्हटलेलं चालत नाही. माझा रंग निळा, म्हणजे जिथे उरला आहे तिथे निळा. मुक्काम सिंगापूर, क्लेमेंटीतल्या एका उंच इमारतीचा तळमजला. इथे तळमजल्यावर कोणी राहत नाही, तो मोकळाच ठेवतात. त्याच्या एका कडेला आम्हा सायकलींची रांग उभी असते. मित्रांनो, माझ्या आयुष्यात नुकतीच एक फार छान गोष्ट घडली आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म तैवानमधल्या एका कारखान्यात झाला. जहाजातून मी इथे आले आणि एका दुकानात मला उलटं टांगलं गेलं. त्यामुळे येणारी-जाणारी सगळी माणसं मला डोक्यावर चालताना दिसत. एक दिवस पुण्याहून विद्यापीठात संशोधनासाठी आलेली कस्तुरी दुकानात शिरली. तिने मला खाली उतरवायला सांगितलं, घंटी वाजवून पाहिली आणि स्वतःशीच हसली. मला ती तिथेच आवडून गेली.

ते दिवस मोठ्या मजेचे होते. सकाळी टोपलीत तिचा डबा असे, संध्याकाळी हॉकर सेंटरमधून, म्हणजे इथल्या स्वस्त खाऊच्या ठेल्यांवरून, बांधून घेतलेले गरम नूडल्स. विद्यापीठातल्या मैत्रिणी माझं कौतुक करत आणि मी उगाच जरा ताठ उभी राहत असे. अडचण एकच होती. आम्हाला आमची वाट नव्हती. फुटपाथवरून गेलो तर चालणारी म्हातारी माणसं दचकत, रस्त्याच्या कडेने गेलो तर दुमजली बस अगदी खेटून जाई. एका सकाळी आमच्या बसस्टॉपपाशी बस आत वळली आणि कस्तुरी मला घेऊन गवतावर आडवी झाली. बसवाल्याचं काही चुकलं नव्हतं आणि आमचंही नाही. जागाच तेवढी होती. तिच्या कोपराचं हाड मोडलं, माझं चाक वाकलं. हाड जुळलं, चाकही सरळ झालं, पण कस्तुरीच्या मनातली भीती काही गेली नाही.

मग मी नुसती उभी राहिले. कस्तुरीचं लग्न झालं, जाईचा जन्म झाला, वन-नॉर्थ भागात नोकरी लागली आणि ती एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, जाऊ लागली. लोक माझ्या टोपलीत कॉफीचे रिकामे कप टाकत. एक मैना रोज माझ्या सीटवर येऊन बसे आणि काय करायचं ते करून जाई. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू? पण दर दसऱ्याला कस्तुरी खाली यायची, मला पुसायची, हळदकुंकू वाहायची, हँडलला झेंडूची माळ घालायची. बसायची मात्र कधीच नाही.

जाई मोठी झाली आणि माझे दिवस पालटले. शेजारच्या बागेत ती माझ्यावरच सायकल शिकली. आता तिला शनिवारी पोहायला एकटीने जायचं होतं.

"आई, एव्हरीबडी गोज अलोन!"

"त्या एव्हरीबडीची आई मी नाही. त्या बसस्टॉपवरून एकटीने जायचं नाही, सांगून ठेवते."

अशातच बातमी आली की आमच्या रस्त्याला सायकलींसाठी वेगळी वाट होणार. तिचा आराखडा माझ्या समोरच्याच फलकावर लागला. कस्तुरी ऑफिसची बॅग खांद्याला तशीच ठेवून तो कितीतरी वेळ बघत राहिली. वाट बसस्टॉपच्या पुढून, अगदी बसच्या दारासमोरून काढली होती. उतरणारी माणसं थेट सायकलींवरच येणार होती.

रहिवाशांची सभाही आमच्याच तळमजल्यावर, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून झाली. चारचौघांत बोलायचं म्हटलं की कस्तुरीची बोबडी वळते, पण ती उठली. "मी याच जागी पडले होते, वाट बसस्टॉपच्या मागून न्या," असं ती इंग्रजीत म्हणाली. तिचा आवाज कापत होता. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एक चिनी आजी काठी उंचावून, इथल्या सवयीचा 'लाह' जोडत म्हणाल्या, "शी इज राइट लाह! गेट डाउन फ्रॉम बस, आय ऑल्सो स्केअर्ड!" सायकलवाली आणि पायी चालणारी दोघी एकच मागत होत्या, त्यामुळे आराखडा घेऊन आलेल्या इंजिनीअरसाहेबांना नाही म्हणायला जागाच उरली नाही. आराखडा बदलला. खोदकामाची धूळ महिनोन्‌महिने माझ्या अंगावर बसली, पण त्या धुळीचं मला काही वाटलं नाही.

वाट खुली झाली त्या शनिवारी सकाळी आम्ही सगळे नटूनथटून खाली जमलो. कस्तुरीचे बाबा, पद्माकर, पुण्याहून आले होते. नवी वाट आणि नारळाशिवाय? छे! त्यांनी वाटेच्या कडेलाच नारळ वाढवला.

"आजोबा, लिटरिंगचा फाइन लागेल लाह!" जाई ओरडली.

मग सगळ्यांनी वाकून तुकडे वेचले. तिथून धावत जाणाऱ्या एका गृहस्थांनाही आजोबांनी थांबवून खोबरं दिलं. जाईने हेल्मेट चढवलं, पायडल मारलं आणि लगेचच माझ्या पुढच्या चाकातून फुस्स झालं. करवंटीचं एक टोक वेचायचं राहिलं होतं.

जाईचे डोळे भरले. आजोबांचा चेहरा तर इतका उतरला, की पंक्चरपेक्षा मला त्यांचंच वाईट वाटलं. आता कस्तुरी म्हणणार, पुढच्या आठवड्यात बघू, आणि तो आठवडा कधीच उजाडणार नाही, हे आम्ही सगळे ओळखून होतो.

कस्तुरीने बाह्या वर सरसावल्या. "बाबा, नारळ जरा जास्तच वाढवलात," ती म्हणाली. तिने वरून सामान आणवलं, मला उलटं केलं, बादलीत ट्यूब बुडवून भोक शोधलं, ठिगळ लावलं आणि हवा भरली. मग जाईचं हेल्मेट स्वतःच्या डोक्यावर घालत ती म्हणाली, "हवा टिकते का, बघून येते."

आणि ती माझ्यावर बसली! मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू! बसस्टॉप येईपर्यंत तिने हँडल घट्ट आवळून धरलं होतं. वाट मागच्या बाजूला वळली. पलीकडे बस थांबली, माणसं उतरली, आपापल्या दिशेने गेली. आमच्या आड कोणी आलं नाही. तिची मूठ सैल झाली, आणि मग बाईसाहेब अशा काही सुटल्या की परत यायचं नावच घेईनात.

"आई, सो लाँग! माय टर्न लाह!" जाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

कस्तुरी उतरली. हेल्मेट जाईच्या डोक्यावर ठेवून तिने पट्टा नीट लावला. "जा," एवढंच म्हणाली. आम्ही निघालो. जाईने मला नवा आरसा लावला आहे, त्यात मला मागचं दिसत होतं. कस्तुरी हात मागे बांधून उभी होती. ती आमच्यामागे धावली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी धूळ खात असेल तर तिला पुसा, तेल घाला, हवा भरा. पण तेवढ्याने ती रस्त्यावर येईलच असं नाही. तिला बिनधोक वाट हवी. ती हवी असं मोठ्यांना सांगा, आवाज कापला तरी सांगा.

आणि हो, जाई परत आली ते सांगायचंच राहिलं. ओले केस, टोपलीत ओला टॉवेल, अशी ती एकटीच मजेत घरी आली. कस्तुरी खालीच होती. "पाणी गार होतं का गं?" तिने विचारलं. रस्त्याबद्दल विचारायचं तिला सुचलंच नाही.