धरणाची पाखरं

बैल खालच्या खाचराच्या कडेला आले आणि पुढे चालणाऱ्या वाळूने कासरा ओढला. मागे नांगराचा रुमणा धरून चालणारा पंकज जवळजवळ त्यांच्या अंगावर गेला.

"काय झालं, बाबा?"

"हितं नाय नांगरायचं."

"म्हंजे?"

"वरचं झालं तेवढं पुरं."

पंकजने रुमणा सोडला. आसनगावच्या एका कंपनीत तो कामाला होता. आठवड्यातून रविवारची एकच सुट्टी मिळायची, तीही तो या मातीत घालायला आला होता.

"मला एकच सुट्टी मिळते. पुढल्या हप्त्यापास्नं नाइट शिफ्ट. हे खाचर कवा नांगरायचं? आन् सगळ्यात चांगली वल तर हितंच हाय."

वाळूने पायाजवळ बोट दाखवलं. पंकजला आधी काहीच दिसलं नाही. भेगा पडलेली माती, सुकून पांढरं पडलेलं शेवाळ, फुटके शिंपले. मग ढेकळांच्या मधोमध बोटभर खोल खळगा दिसला आणि त्यात दोन अंडी. मातीच्याच रंगाची, वर तपकिरी ठिपके. हातभर पुढे आणखी दोन. पलीकडे तीन. एकदा नजर बसली तशी खाचरभर अंडीच अंडी दिसायला लागली. डोक्यावर चिमणीहून थोडी मोठी राखी पाखरं किरकिरत घिरट्या घालत होती. एक तर पुढ्यात येऊन पंख मोडल्यासारखा जमिनीवर घासत चाललं होतं, माणसांना आपल्या मागे घेऊन जायला.

"हेंच्यासाठी?" पंकज म्हणाला. "धरणाच्या पाखरांसाठी?"

"हां."

"तुमाला काय झालंय तेच मला कळत नाय."

वाळूलाही ते नीट कळत नव्हतं. त्याने बैल वळवले.

गाव धरणात गेलं त्याला अठरा वर्षं झाली होती. तेव्हापासून पाडा वरच्या उतारावर. तिथे नाचणी-वरी पिकायची, पण सपाट जमीन म्हणाल तर ती पाण्याखाली. फाल्गुनात पाणी उतरायला लागलं की बुडालेली खाचरं वरून एकेक करून उघडी पडत. त्या ओल्या गाळात लोक काकडी, चवळी, दुधी टोकत. याला गाळपेर म्हणतात. दोन-अडीच महिने आपलीच जमीन आपल्याला पाहुण्यासारखी भेटायची, आणि पावसात परत जायची.

या पाखरांचंही तसंच. होळीच्या आसपास ती कुठूनशी यायची, उघड्या पडलेल्या गाळात अंडी घालायची आणि पाऊस लागायच्या आत पिलांना घेऊन निघून जायची. धरण व्हायच्या आधी ती इथे कुणी पाहिली नव्हती. म्हणून पाडा त्यांना धरणाची पाखरं म्हणायचा, आणि म्हणताना तोंड जरा वाकडं व्हायचं. आपलं बुडालं तेव्हा यांचं फावलं, असं.

वाळू त्यांचा राग करत नव्हता. तो कशाचाच राग करत नव्हता. अठरा वर्षांत त्याला मोठ्याने हसताना किंवा रडताना कुणी पाहिलं नव्हतं. थोरला मुलगा तापाने गेला तेव्हा त्याने खांदा दिला, आंघोळ केली आणि दुसऱ्या दिवशी गवत कापायला गेला. त्याची बायको भागी त्याला म्हणायची, "तुमाला चिमटा काढला तरी कळायचं नाय." तो म्हणायचा, "नसंल कळत." संध्याकाळी उतारावरच्या कातळावर बसून उतरणारं पाणी बघायचं, एवढंच तो आपणहून करायचा. त्यामुळे पाखरं कधी आली हे सगळ्यात आधी त्यालाच कळायचं. या साली होळीच्या चार दिवस आधी पाण्यावर पहिली सात दिसली, तेव्हा घरी येऊन तो भागीला एवढंच म्हणाला, "आली गो." कोण आलं ते तिने विचारलं नाही.

खाचर मोकळं राहिल्याची बातमी पाड्यात फिरली. शेजारचा काळूराम दुसऱ्या दिवशी सकाळीच ओटीवर येऊन बसला.

"वाळू, तुला नको तर मी टोकतो काकडी. पडीक कशाला ठेवतंस?"

"पडीक नाय ते."

"मंग काय हाय?"

"अंडी हायेत."

काळूराम हसला. "अंड्यांचा बाजार डोळखांबला भरतो. तिथं नेऊन बस." मग त्याचं हसणं आपोआप ओसरलं. "पाखरानं खाचर खाल्लं असं म्हनतील लोक."

"म्हनू दे."

त्या दिवशी वाळूने करवंदीच्या काटेरी फांद्या तोडल्या आणि खाचराला चहूकडून कुंपण घातलं. गुरं पाण्यावर जाताना तिथूनच जायची. एक खळगा आधीच म्हशीच्या खुराखाली गेला होता. त्यातलं पिवळं वाळून मातीला चिकटलं होतं. वाळूने त्यावर मूठभर माती टाकली आणि पुढच्या फांदीला हात घातला.

बारा-तेरा दिवस असेच गेले. ऊन असं तापलं की दुपारी पाखरं पाण्यावर जाऊन पोट भिजवून यायची आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसायची. वाळू कुंपणाबाहेर पळसाच्या सावलीत बसून हे बघायचा.

मग एका सकाळी धोंडी आला. धोंडी धरणावर चौकीदार होता, पाड्यातलाच. त्याने घराघरासमोर थांबून सांगितलं, "वरच्या धरणातलं पानी खाली घेनार हायेत. आज दुपारपास्नं. गाळपेर असंल तर काय निघंल ते काढून घ्या."

"किती चढंल?" काळूरामने विचारलं. त्याची काकडी नुकती दोन पानांवर आली होती.

"हातभर. कदाचित जास्ती. तीन दिवस चालू राहील."

काळूराम खाली बसला. "दोन पानांवर काय काढू रे?"

ज्याची त्याची गाळपेर जायची होती. वाळूचं वरचं खाचर कदाचित वाचणार होतं, खालचं नाही. तो उठला, घरात गेला आणि घमेलं, फावडं घेऊन बाहेर आला.

"कुठं चाललाव?" भागीने विचारलं.

"खाली."

"पानी काय घमेल्यानं उपसनार?"

"नाय. माती टाकनार."

तीही दुसरं घमेलं डोक्यावर घेऊन मागोमाग निघाली.

खाचरात उभं राहून वाळूने तिला सांगितलं. इतकं सलग तो किती वर्षांनी बोलत होता.

"खुडूक कोंबडीची पाटी एकदम हलवली की ती अंडी सोडते का नाय? आन् रोज थोडी थोडी सरकवली की बसते. तसंच करायचं. खळग्याशेजारी वीतभर ढीग, वर खळगा, त्यात अंडी. मंग बाजूला व्हायचं. पाखरू बसलं की मंग आनखी."

"आन् नाय बसलं?"

"नाय तर नाय."

भागीने पहिल्या ढिगावर खळगा केला, वाळूने त्यात अंडी ठेवली. दोघं कुंपणाबाहेर येऊन बसली. पाखरू आलं, जुन्या जागेभोवती फिरलं, उडालं, परत आलं. बराच वेळ ते ढिगाच्या पायथ्याशी नुसतं उभं राहिलं. मग चढलं आणि पोट हलवत अंड्यांवर बसलं.

"बसलं," भागी म्हणाली.

"दुसरं घे," वाळू म्हणाला.

तीन दिवस दोघांनी माती वाहिली. पहिल्याच दुपारी पाणी बांधाला लागलं. दुसऱ्या सकाळी भेगांमधून वर आलं आणि खाचर आतूनच ओलं होत गेलं. मग घोटाभर पाणी झालं, आणि त्यात हे ढीग. वरच्या खाचरातली नांगरलेली भुसभुशीत माती ते खाली आणत होते. वाळूच्या टाचा फुटल्या. भागीची मान आखडली. तिसऱ्या दिवशी काळूराम वर उभा राहून बघत होता. त्याची काकडी बुडाली होती. थोड्या वेळाने तो खाली उतरला, भागीच्या हातातलं घमेलं घेतलं आणि म्हणाला, "सर. तुझ्यानं होयाचं नाय आता."

सगळे ढीग टिकले नाहीत. काही पाण्याने आतून खाल्ले आणि ढासळले. काही ठिकाणी पाखरू परत आलंच नाही, आणि त्या अंड्यांवर मातीतून आलेल्या मुंग्या चढल्या. चाळीसच्या आसपास खळगे होते, त्यातले पंधरा-सोळा राहिले.

त्या रविवारी पंकज आला. पाण्यात उभे असलेले ढीग आणि प्रत्येकावर बसलेलं एकेक पाखरू त्याने वरूनच पाहिलं. रात्रपाळीने त्याचे डोळे तांबडे झाले होते.

"वरच्या खाचराची माती काढलीत? बाबा, तिथं मी नांगरलं व्हतं."

"हां. मोकळी व्हती म्हनून उचलली," वाळू म्हणाला. "चांगला नांगर घातला व्हतास."

पंकज दगडावर बसला आणि बघत राहिला.

पाणी थांबलं, चार दिवसांनी हळूहळू उतरायला लागलं. ढिगांच्या मधे चिखल उघडा पडला आणि त्याच सकाळी भागी धापा टाकत वर आली. "पिलं निघाली. चला." वाळू गेला. कापसाच्या बोंडासारखी दोन पिलं चिखलातून पळत होती. माणूस दिसताच ती जागच्या जागी दबली आणि माती होऊन गेली.

भागीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, नेहमीसारखंच. ती कडेला बसली, तोही बसला. समोर पाणी चकाकत होतं, त्यावर पाखरं माश्या टिपत खालीवर होत होती.

पाण्याकडे बघत वाळू म्हणाला, "आपली चूल नेमकी कुठं व्हती गो?"

भागी दचकली. अठरा वर्षांत त्याने त्या बुडालेल्या घरातल्या कशाचंही नाव काढलं नव्हतं. तिने सावकाश हात वर केला आणि पाण्यात एका जागी बोट दाखवलं. "ती. त्या वाकड्या लाटेच्या जरा अलीकडं."

वाळूने डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"नाय," तो म्हणाला. "उजवीकडं व्हती."

"अवं, मी रांधायची तिथं. मला नाय ठावं व्हय?"

"दाराच्या अंगानं बग. दार तिकडं. मंग चूल उजवीकडंच येनार."

"दार तिकडं नव्हतंच मुळी."

दोघं तिथेच बसून राहिली. ऊन चढेपर्यंत चुलीची जागा काही ठरली नाही.