उसासाबाई

डबिंगच्या धंद्यात मला उसासाबाई म्हणतात, आणि मला त्याचा अजिबात राग येत नाही. पडद्यावर नटी बिछान्यात तोंड उघडते, आवाज माझा असतो. मोठमोठ्या नट्यांना ते जमत नाही. एक तर खोकला झाल्यासारखं करतात, नाहीतर हसत सुटतात. मी माईकसमोर उभी राहते, मनात संध्याकाळच्या भाजीचा विचार चालू असतो, आणि पहिल्याच टेकला काम फत्ते! यात माझा हात धरणारी अजून जन्माला यायची आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला?

काचेपलीकडे बसून ते सगळं टिपणारा माझा नवरा. लोक त्याला चिडवतात, "बायको दुसऱ्यांसाठी उसासे टाकते आणि तू हेडफोन लावून ऐकत बसतोस!" तो म्हणतो, "अरे, बाईचा आवाज खरा की खोटा, हे माझ्या कानाइतकं कुणाला कळत नाही." कानाचा भारी अभिमान त्याला. तो असं म्हणाला की मी आपली पाणी प्यायला जायची.

त्या दिवशी माहितीपटाचं काम होतं. विषय बाईच्या शरीरसुखाचा. ते सुख टोकाला पोचतं तो क्षण, आणि उत्क्रांतीत तो आलाच कसा. ज्यांच्या संशोधनावर तो बेतला होता त्या प्राध्यापिकाबाई स्वतः स्टुडिओत येऊन बसल्या होत्या. चष्मा केसांत अडकवलेला, बोलणं सडेतोड.

"पुरुषाचं सोपं आहे," त्या म्हणाल्या. "तो क्षण आल्याशिवाय त्याचं बी पडत नाही. बाईला मात्र तो नाही आला तरी मूल होतं. मग निसर्गाने ठेवला कशाला? काही जण म्हणतात, चांगला जोडीदार पारखायला. काही म्हणतात, पुरुषाच्या छातीवर जशी बोंडं राहिली तसा हाही बाईकडे नुसता राहून गेला. भांडण अजून मिटलेलं नाही."

"राहून गेला तर गेला," मी म्हटलं. "आपल्याला हवासा आहे ना, मग झालं तर!"

त्या खदखदून हसल्या.

निवेदन झालं. मग एका प्रसंगाखाली तोच क्षण आवाजात हवा होता. मी माझी नेहमीची चीज पेश केली. नवऱ्याने काचेतून अंगठा दाखवला. बाईंनी मात्र मान हलवली.

"छानच आहे. पण हा नवऱ्याला ऐकवायचा आवाज. कितीतरी बायकांनी आम्हाला सांगितलं, त्याला बरं वाटावं, लवकर आटपावं, म्हणून आम्ही असा काढतो. नुसत्या संभोगाने बऱ्याच जणी तिथवर पोचतच नाहीत. मला खरा हवाय. तुम्हाला येतो?"

येतो म्हणजे? माझ्या कामावर शंका! माझं डोकंच फिरलं. मी डोळे मिटले. एकटी असताना जे होतं, जे फक्त माझं मला ठाऊक, ते आठवलं. श्वास लांबत गेला, एका जागी अडकला, बराच वेळ काहीच नाही, आणि मग घशातून एक अगदी खालचा, खडबडीत सूर निघाला. गोड वगैरे मुळीच नव्हता.

"हाच!" बाईंनी टेबलावर थाप मारली आणि खुशीत चहा प्यायला बाहेर गेल्या.

नवरा काचेमागे तसाच बसलेला. त्याने पहिला टेक लावला. मग दुसरा. परत पहिला. मग उठून माझ्या बाजूला आला, हेडफोन गळ्यात तसाच, वायर मागे लोंबकळत.

"पहिला मी घरी ऐकतो," तो म्हणाला.

थट्टेवारी नेता आलं असतं. कुठलंही खोटं खरं वाटेल असा गळा मला देवाने दिलाय. पण आत्ताच आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं होतं, त्याच्यावर पाणी ओतवेना.

"हो," मी म्हटलं.

"आणि दुसरा?"

"तो तू कधीच ऐकला नाहीस."

तो मटकन स्टुलावर बसला. "लग्न झाल्यापासून? आणि माझ्या कानाला कळलं नाही?"

"तुझ्या कानाचा दोष नाही. मी काम चोख करते."

मला वाटलं, हसेल. पण त्याचे डोळे भरून आले. "अगं, मला सांगायचं तरी."

"तू विचारलंस कधी?"

लागलं त्याला. मलाही वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही. तो वायरशी चाळा करत राहिला. मग उठला आणि दाराबाहेरचा लाल दिवा लावून आला. तो लागला की आत कुणी पाऊल टाकत नाही. माईक बंद केला. हेडफोन काढून ठेवला.

"आता विचारतो," तो म्हणाला. "तुला काय आवडतं?"

आजवर मी दुसऱ्यांनी लिहिलेलंच बोलत आले. हे कुणी लिहून दिलेलं नव्हतं, आणि माझ्यासारखी बोलभांड बाई चक्क अडखळली. मग मान ताठ केली आणि सांगितलं. कुठे, कसं, किती सावकाश, सगळं सांगितलं. तो खाली बघून ऐकत होता. मधेच म्हणाला, "थांब. हे परत सांग."

मी परत सांगितलं.