परातीतलं पाणी

हाटकेशच्या कारखान्यांच्या गाळ्यांमध्ये भूगर्भनाथ महाराजांच्या दरबारात पाय ठेवायला जागा नव्हती. महाराजांनी घंटा वाजवली आणि समोरच्या परातीतलं पाणी थरथरू लागलं. बायकांनी हात जोडले.

"देखो! धरतीच्या पोटात लाव्हा खदखदतोय! उद्या भूकंप! हा दरबार सोडून कुठल्याही छपराखाली थांबू नका!" महाराजांच्या पत्र्याच्या छपराला भूकंपाने बहुधा सूट दिली होती.

भिंतीपलीकडच्या गाळ्यात कोंडिराम पत्रा कापायची पॉवर प्रेस चालवायचा. तिचा हादरा जमिनीतून दरबारात पोचतो, हे महाराजांनी हेरलं होतं. "दरबार भरला की मशीन थांबवा, घंटा ऐकली की चार दणके द्या, कोंडिरामजी." जन्मात त्याला कुणी 'जी' म्हटलं नव्हतं. गडी भुलला. दिवसभर खडखडाट ऐकणाऱ्या वस्तीत चार दणक्यांकडे लक्ष कोण देतंय?

पण महिन्याभरापासून त्याची बायको वैजयंताही दरबारात जाऊ लागली होती. तिची आई किल्लारीच्या भूकंपात ढिगाऱ्याखाली गेली होती. दुपारी कोंडिराम जेवायला घरी आला, तर ती मुलीला बजावत होती, "उद्या पेपरला जायचं न्हाई."

"आई, दहावीचा शेवटचा पेपर आहे, भूगोलाचा!" तेजश्री रडकुंडीला आली. "खोल खडकांवर ताण साचतो, ते अचानक सरकतात, तेव्हा भूकंप होतो. कुठल्या दिवशी होईल, हे जगात कुणालाच सांगता येत नाही."

"मग परात कशी हालती?"

तेजश्रीच्या पुस्तकात ते नव्हतं. उत्तर कोंडिरामपाशी होतं. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे त्याला बघवेना. तो ताटावरून उठला आणि दोघींना घेऊन दरबारात गेला.

महाराजांनी घंटा वाजवली. पाणी ढिम्म. पुन्हा वाजवली. "कोई पापी बैठा है! व्हायब्रेशन अडलंय!"

"पापी मीच," कोंडिराम उभा राहिला. "पलीकडची प्रेस मी चालवतो. आता परातीकडं बघत राहा."

तो गाळ्यात गेला, चार दणके दिले. घंटेशिवायच पाणी थरथरलं. तो परत आला तेव्हा महाराज चपला शोधत होते.

"हात जोडायच्या आधी भिंतीपलीकडं बघत जा," तो लोकांना कळवळून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तेजश्री पेपरला बसली. नवराबायको शाळेच्या फाटकाबाहेर थांबले. पेपर सुरू झाल्याची घंटा वाजली, तशी वैजयंता दचकून जमिनीकडे बघू लागली. काहीच हललं नाही.

"भिंतीपलीकडं बघा, म्हणालात," कालपासून ती पहिल्यांदाच त्याच्याशी बोलली. "तिथं आपलंच माणूस निघालं तर?"