चुलबंद नदी लांबवण्याबाबत

आम्ही संगमापर्यंत पोचलो नाही. हे वाक्य तुम्ही वाचलेच नाही असे समजा. आम्ही आता संगमाला निघतो आहोत, हवा छान आहे आणि पोचण्याबद्दल कोणाच्याही मनात शंका नाही.

संगम म्हणजे आमची चुलबंद जिथे वैनगंगेला मिळते ती जागा. जन्म सानगडीत काढूनही आम्ही चौघांनी ती पाहिलेली नाही. दहावीत असताना टीना म्हणाली होती, "आपल्या नदीचं शेवटी काय होते, ते एकदा पाहाचं हाय मले." तेव्हापासून आम्ही नुसते जाऊ जाऊच म्हणत राहिलो होतो. यंदा मात्र टीनाला पुण्याच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. सोमवारची गाडी. म्हणजे रविवारी गेलो तर गेलो. नाहीतर टीना पुण्यात, नदी इकडे, आणि शेवट दोघींनाही माहीत नाही.

पुढाकार गोलूने घेतला. गोलू स्वतःच्या वाढदिवसाचीही रंगीत तालीम घेतो. त्याने हवा भरायचे दोन नारिंगी कायाक मागवले, पंक्चरच्या दुकानात फुगवले आणि अंगणात आणून ठेवले. त्याचे बाबा केवळराम चारी बाजूंनी फिरले.

"किती पोते धान बसते यात?"

"बाबा, यात माणसं बसतेत."

"कितीक?"

"दोन."

"मंग एवढं लांब काहून केलं?" असे म्हणून ते त्यात आडवे झाले आणि जेवायलाच उठले.

दुसरी तपासणी रंजूच्या बाबांनी केली. रंजू आमच्यातली चौथी, ढिवरांची. मला पोहता येत नसल्यामुळे मी तिच्या कायाकमध्ये बसावे असे एकमताने ठरले होते. एक मत रंजूचे नव्हते. तिच्या बाबांचा, इतवारीकाकांचा, निम्मा जन्म डोंग्यात बसून मासे धरण्यात गेलेला.

"जाळं कुठी ठेवता?"

"जाळं नाई नेत, काका."

"नदीत जाता आन् मासे नाई धरत?" ते रंजूकडे वळले. हळूच म्हणाले, "पोरी, या पोरायच्या घरी सगळं ठीक हाय ना?"

गोलूने पाण्याची खोली पाहिली, वारा पाहिला, मोबाईलवर ढग पाहिले. मग वाटेतली गावे आणि वेळा असा सगळा मार्ग स्टेटसला टाकला. त्याने फक्त एक गोष्ट पाहिली नाही. दिवाळी झाली होती आणि मंडयांचे दिवस लागले होते. मंडई म्हणजे गावाची जत्रा. त्या दिवशी आलेला पाहुणा जेवल्याशिवाय शिवेबाहेर पडत नाही. पडायला लागला तर गाव त्याला धरते. आणि नदीकाठी असे एकही गाव नाही जिथे आमच्यापैकी कोणाची सोयरीक नाही.

पहिला फोन मला आला. एकोडीच्या मावशीचा.

"आमच्या मंडईले काहून नाई येऊन राहिले बे?"

"मावशी, नदी तिकडून जात नाई."

"मंग कालव्यानं या ना."

रविवारी सकाळी आम्ही पाण्यात उतरलो. लाईफ जॅकेट चार होती, त्यातले एक लहान मुलाचे. ते गोलूने घातले, कारण मागवले त्यानेच होते. तो दिवसभर हात वर केल्यासारखा दिसला. पण नदी! दोन्ही काठांवर कापलेल्या धानाचा वास, पाणी नुकत्या सारवलेल्या अंगणासारखे, आणि मध्ये आम्ही, कसलेही काम नसलेले. टीना पुलाखाली स्वतःचेच नाव ओरडली आणि पुलाने ते परत दिल्यावर "ओ!" म्हणाली. माझे वल्हे बहुतेक हवेतच फिरत होते. रंजू म्हणाली, "चालू दे, वारा तरी लागून राहिला."

पहिले गाव मोहटोला. घाटावर गोलूची रुखमा आत्या गुडघाभर पाण्यात उभी. तिने कायाकची दोरी धरली आणि गाईसारखा तो काठाला ओढला.

"आत्या, आमचं टाइमटेबल हाय!"

"त्यालेही आण. वडे पुष्कळ हायेत."

वडे, कोंबडीचा रस्सा, भात. मग दिवाळीच्या करंज्या संपवायच्या म्हणून करंज्या. परत बसलो तेव्हा कायाक बराच खाली गेला. गोलू जोरात वल्हवत होता आणि दर वल्ह्याला ढेकर देत होता.

"दुसऱ्या गावी थांबाचं नाई," तो म्हणाला. "काठाकडे पाहाचंच नाई कोणी."

दुसरे गाव चिचघाट. आम्ही चौघेही नदीच्या मधोमध, माना सरळ, डोळे समोर. त्यामुळे रंजूचे देवाजी मामा डोंगा आडवा लावून समोरच उभे आहेत हे उशिरा कळले. मामांच्या मागे पोरे होती, पोरांच्या मागे डफ. त्यांनी कायाक उचलला. गोलूने उडी मारली, टीना त्यातच होती.

"मामा, मी उतरते ना!"

"पाहुणीनं कायले उतराचं?"

टीना खांद्यांवरून, वल्हे हातात घेऊन, गावातून मंडईत गेली. जिलेबीवाल्याने वाट दिली. कायाक आकाशपाळण्याशेजारी ठेवला गेला आणि त्याच्यापुढे लगेच रांग लागली. जेवण पुन्हा झाले. ऊन उतरले. संगम अजून कितीतरी गावे लांब होता.

गोलू आखूड जॅकेटमध्ये, कायाकच्या टोकावर, तोंड पाडून बसला. "टीना, तुले संगम दाखवाचा होता. उद्या तर तू..."

टीनाने जिलेबीचा अर्धा वेढा तोंडात टाकला. बराच वेळ चावला.

"म्हणजे सहल अर्धी राहिली?"

"अर्धी कुठी. सुरूच झाली फक्त," गोलू म्हणाला.

"मंग झालं ना!" ती हसायलाच लागली. "सहल अर्धी सोडून मी पुण्यात राहू काय? पुढच्या मंडईले येते मी. इथूनच, याच घाटावरून निघू. मामा, हे नारिंगी तुमच्याकडेच ठेवा."

"ठेवतो. कोंबड्यायले कामी येईन," मामा म्हणाले.

गोलूने तिथल्या तिथे पुढच्या वर्षाची आखणी सुरू केली. मी मात्र हिशेब करून बसलो. दरवर्षी दोन गावे पार पडली, तरी कधी ना कधी गावे संपणार. एखाद्या वर्षी आम्ही खरेच संगमाला पोचू, आणि मग टीनाला परत यायला कारण काय?

करिता संबंधित विभागास नम्र विनंती की, चुलबंद नदी दरवर्षी मंडईपूर्वी दोन गावांनी लांबवण्यात यावी. नवीन गावे शक्यतो सोयऱ्यांची असावीत. काम चालू असताना पाणी बंद ठेवू नये.