खिंडीकडे एक जण

मेरिक टॉलीने डोंगरवाटेवरच्या सामायिक झोपडीच्या पायरीवर बूट आपटून चिखल झाडला, दार ढकलले, आणि आतल्या दोघांना पाहून त्याला परत फिरावेसे वाटले.

कालच त्याने या दोघांना कामावरून काढले होते. खाली वायराऊच्या खोऱ्यातल्या एका द्राक्षमळ्यात तो छाटणीचा मुकादम होता. हिवाळा लागला की अशी परदेशी तरुण मंडळी पाठीवर बोचकी घेऊन यायची. देशात वर्षभर राहण्याचा परवाना, थोडे काम, बाकी भटकंती. चिलीच्या नाहुएलने एका अख्ख्या ओळीत जाडजूड काड्या राखल्या होत्या आणि पेन्सिलीएवढ्या, फळ धरणाऱ्या काड्या छाटून टाकल्या होत्या. दर वर्षी नवखे हीच चूक करत. जाड दिसले की त्यांना ते चांगले वाटते. चेक देशाची यित्का त्याच्या मागून छाटलेल्या काड्या ओढत गेली होती आणि तिला काहीही खटकले नव्हते.

"चहा घेणार, मेरिक?" यित्काने विचारले.

"माझा मी आणलाय."

चुलीवर मसूर करपली होती. वरच्या तारेवर मोजे वाळत होते. खिडकीत मिठाच्या बरणीला टेकवून नाहुएलने फोन उभा केला होता.

"हे कशाचं चाललंय?"

"ढगांचं चित्रण."

"ढग काही पळून जात नाहीत."

"जातात की," नाहुएल म्हणाला.

मेरिकने थर्मासचे झाकण गरजेपेक्षा जास्त आवळले. यित्का समोर येऊन बसली.

"मळ्यात तीन महिने भरले तर आम्हाला या देशात आणखी राहता येतं. बाराच दिवस उरलेत. काड्या ओढायला ठेवा आम्हाला. कात्री नका देऊ हातात."

"तुम्ही केलेलं त्या वेलाला वर्षभर भोगावं लागतं. तुम्ही तोवर कुठल्या तरी किनाऱ्यावर लोळत असता."

"बरं," ती म्हणाली. "पलीकडच्या खोऱ्यात एक मुकादम आहे. पाचच्या आत येऊन भेटा म्हणालाय, नाहीतर उद्या दुसरे घेणार. आम्ही एक वाजता उतरतोय."

"बिचारा," मेरिक म्हणाला आणि काठी घेऊन उठला.

टेबलावर दोरीने बांधलेली वही होती. डोंगरात जाणाऱ्याने तिच्यात नाव, किती जण, कुठे आणि परत कधी ते लिहून जायचे. मेरिकने जाता जाता वरचे पान पाहिले. आदल्या दिवशीच्या नोंदीशेजारी नाहुएलने एक पोपट काढला होता. मेरिकने वही मिटली.

"तुम्ही लिहिलं नाही," यित्का म्हणाली.

"बत्तीस वर्षं चढतोय मी इथं. ही वही तुमच्यासारख्यांसाठी असते."

"मग मला सांगून जा. कुठं निघालात?"

"खिंडीत. चारला परत," तो म्हणाला. तिचे तोंड बंद व्हावे, एवढ्यासाठीच.

बाराच्या सुमारास पावसात बर्फ मिसळू लागले. खिंडीच्या अलीकडच्या ओढ्यात, ज्या दगडावर तो बत्तीस वर्षे पाय ठेवत आला होता, त्याच दगडावरून तो घसरला. गुडघा आतल्या बाजूला वळला. काठी वाहून गेली. तो सरपटत काठावर आला, एका खडकाच्या आडोशाला बसला आणि पुन्हा पुन्हा घड्याळ पाहू लागला. दोन वाजले तेव्हा ती दोघे आता कुणाच्या तरी गाडीत असतील, हा विचार त्याच्या मनात आला. तीन वाजता त्याला बोटे हलवता येईनात.

चार वाजून बराच वेळ झाला तेव्हा ओढ्याच्या वळणावर नाहुएलची पिवळी टोपी दिसली. मागे यित्का होती.

"तुम्ही इथं काय करताय?" मेरिकचे दात वाजत होते.

"भटकंती," नाहुएल म्हणाला आणि त्याने मेरिकच्या काखेत हात घालून त्याला उठवले.

झोपडीपर्यंतच्या वाटेवर ती दोघे त्याला दोन बाजूंनी धरून चालली. एकदा मेरिक म्हणाला, "असं ओढू नकोस, मी काडी नाही." नाहुएलने पकड बदलली. आत आल्यावर त्यांनी त्याला चुलीजवळच्या बाकावर बसवले, गुडघ्याला फडके बांधले आणि ती करपलेली मसूर गरम करून पुढे ठेवली. त्याने ती खाल्ली.

यित्का पाणी आणायला बाहेर गेली. टेबल हाताच्या अंतरावर होते. मेरिकने वही ओढून घेतली. पोपटाच्या खाली तिच्या बारीक अक्षरात लिहिले होते:

'दुपारी पाऊण. बर्फ सुरू. मेरिक टॉली, एक जण, खिंडीकडे, चारला परत. तो येईपर्यंत आम्ही थांबतोय.'

त्याने ते दोनदा वाचले आणि वही होती तशी ठेवली. नाहुएल दाराजवळ उकिडवा बसून पुढच्या येणाऱ्यांसाठी लाकडे फोडत होता. निम्म्या ढलप्या ओल्या होत्या, उरलेल्या मनगटाएवढ्या जाड.

"पेटवायला इतकी जाड फोडतात का कुणी?" मेरिक म्हणाला. "तुला जाडच का आवडतं रे सगळं?"

नाहुएलने तीच ढलपी पुन्हा उभी धरून चिरली. यित्का बादली घेऊन दारात थबकली.

"सोमवारी त्या ओळीत माझ्याबरोबर ये," मेरिक म्हणाला. "कुठली काडी ठेवायची ते दाखवतो."

"सोमवारी?" यित्काने विचारले.

"दार लाव," तो म्हणाला. "थंडी आत येतेय."