पाण्यात न विरघळलेली पुडी

पोळा झाला अन् आमच्या बगीच्यात गळ लागली. रोज सकाळी हिरव्या संत्र्यांचा सडा. माझ्या गजेंद्रनं मोर्शीहून औषधाची एक इवलीशी पुडी आणली.

"एवढीशी? नाकात घालाले आणली का?"

"ग्रामावर काम करते हे, आई. बुरशीतून निघते. तिकडं जपानात धानाले बुरशी लागली, रोपं ताडमाड वाढले. तिच्यातूनच हे काढलं. फळ देठाले धरून ठेवते."

"बुरशी आली तं मी लोणच्याची बरणी उकिरड्यावर पालथी घालते. अन् तू इकत आणून राहिला!"

गजेंद्र हसला. तेवढ्यात मला फवारणीच्या ड्रमामागे दारूचा पव्वा दिसला.

आमचं घर महानुभावांचं, रिद्धपूरचं येणंजाणं. सासऱ्यांनी उपदेश घेतला तेव्हापासून दारूचा थेंब घरातच काय, शेताच्या धुऱ्यावरही आला नाही, हे मी चारचौघींत ताठ मानेनं सांगत आले. पव्वा उचलला, झाकण फिरवलं, नालीत ओतला.

"आई, ऐक तं! ते त्या पावडरीसाठी..."

"पावडर पेते का दारू? बापाचं नाव बुडवलं तुनं!"

धुऱ्यापलीकडे शेजारीण सत्यभामा तिच्या वावरात निंदत होती. तिलाही ऐकू जावं, अशा आवाजात बोलले. तिचं खुरपं थांबलेलं मी पाहिलं.

केस पिकलेला माझा लेक, ड्रमात पाणी भरणाऱ्या बायकोसमोर खाली मान घालून उभा राहिला. मग त्यानं पुडी तशीच पाण्यात सोडली, काडीनं ढवळली अन् फवारून टाकली.

नवरात्र बसेपर्यंत अर्ध्याहून जास्त फळ खाली आलं. नात प्रणाली अकोल्याला शेतकीचं शिकते. सुट्टीत आली तशी तिनं ड्रमात डोकावून पाहिलं. पावडर बुडाशी चिकटून वाळली होती.

"आजी, हे थेट पाण्यात नीट विरघळत नाही. आधी दारूत नाही तं स्पिरिटात विरघळवा लागते."

"दारूतच?"

"नाही वं. मी नखाचा रंग पुसते ना, त्या बाटलीतल्या पाण्यानंही झालं असतं."

ती बाटली सगळा वेळ घरातल्या फळीवर होती.

मी बगीच्यात गेले. गजेंद्र गळलेली फळं टोपल्यात भरत होता.

"बोलला काहून नाही रे? तोंड नव्हतं का तुले?"

"बोलू देल्लं का तू?" त्यानं मान वर केली नाही. "फळाचं जाऊ दे, आई. मी पेत नाही, हे तं तुले ठाऊक होतं."

ठाऊक होतं. त्याच्या तोंडाला कधी विडीचाही वास आला नाही.

मी खाली बसून फळं वेचू लागले. सत्यभामा पलीकडेच होती; त्या दिवशीचं माझं बोलणं तिनंच ऐकलं होतं.

"सत्यभामा!"

"काय वं, बाई?"

गजेंद्रचा हात टोपल्यावर थांबला.

"काही नाही," मी म्हणाले. "औंदा गळ लय आहे."

त्यानं टोपलं उचललं अन् फळं पुरायच्या खड्ड्याकडे गेला.