निळं पडलेलं पातं

श्रीनगरच्या सुभानकाकांच्या कारखान्यात अक्रोडाच्या लाकडावर नक्षी कोरायची, तर छिन्नी स्वतः घडवावी लागे. ती टिकली तरच कारागिरांत जागा मिळे. मुनीराला ती जागा हवी होती.

तिने जुन्या कानशीचं पातं घडवून त्याला पाणी दिलं. फाजील कडकपणा उतरावा म्हणून ते कांगडीतल्या निखाऱ्यांवर ठेवलं आणि मिठाचा चहा ओतून घेतला. पातं पिवळसर होताच उचलायचं असतं. तिने उचललं तेव्हा ते निळं पडलं होतं.

"मोरपीस घडवलंस का गं?" सुभानकाका म्हणाले. "हे अक्रोडाला टेकताच वाकेल."

"पुन्हा लाल तापवून पाणी देते, काका."

"आणि पुन्हा चहा पीत बसशील!"

"चहा तुम्ही प्या. मी पात्याकडे बघते."

या वेळी तिने नजर हलवली नाही. पिवळी झाक येताच पातं उचललं, धार लावली आणि फळीवर चिनाराच्या पानाची शीर कोरली. धार शेवटपर्यंत टिकली.

काकांनी धारेवरून अंगठा फिरवला. मग आपली चटई सरकवून खिडकीशी जागा केली.

"इथे बस. उजेड चांगला आहे."